बंद डब्यातले भाग ओळखताना या चुका टाळा

बारावीच्या प्रात्यक्षिकात डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग), रेझिस्टर, कपॅसिटर सुटे ओळखायचे असतात. तेच भाग डब्यात बंद झाले, बाहेर फक्त टर्मिनलं उरली, की मुलं आधी मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या रेंजवर, फिरवतात. आत सेल असेल तर ते वाचन खोटं, आणि मीटरलाही धोका. आधी प्रत्येक जोडीवर डीसी व्होल्ट बघा. व्होल्ट दिसले तरी लगेच ‘सेल’ लिहू नका, प्रोब (मीटरच्या तारांची टोकं) मिनिटभर तसेच धरा. १० मेगओहमच्या मीटरवर १ मायक्रोफॅरडचा भरलेला कपॅसिटर १० सेकंदांत ३७ टक्क्यांवर उतरतो. सेल जागचा हलत नाही.

सगळ्यात जास्त गुण जातात ते एकाच रेंजवर विसंबल्याने. समजा, आत १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर सिलिकॉन डायोड आहे. २० किलोओहम रेंजवर बरेच डिजिटल मीटर इतका कमी विद्युतदाब (व्होल्ट) देतात की डायोड चालूच होत नाही. दोन्ही दिशांनी १० किलोओहम येतात, म्हणून वहीत ‘रेझिस्टर’. डायोड रेंज लावली तर एका दिशेला ०.६ आणि उलट दिशेला ‘१’, म्हणजे रेंजबाहेर, कारण त्या रेंजचा सुमारे १ मिलिअँपियर १० किलोओहममधून जायला १० व्होल्ट लागतील आणि मीटरकडे तेवढे नसतात. म्हणून वहीत ‘डायोड’. दोन्ही उत्तरं अर्धवटच! खात्रीचा उपाय म्हणजे १.५ व्होल्टचा सेल आणि १ किलोओहम डब्याला एकसरीत जोडून डब्यावरचा दाब मोजणं. एका दिशेला सुमारे ०.६ व्होल्ट, उलट दिशेला १.३६. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेवढा धीर कुणी धरत नाही.

तीन टर्मिनलं असतील तर वाचनं सहा घ्यायची, तीन नाही. प्रोब उलटवलेच नाहीत तर डायोड सापडणार कसा?

काटेवाल्या मीटरच्या ओहम रेंजवर काळा प्रोब धन असतो, हे विसरलं की डायोड उलटा काढला जातो.

मेगओहम मोजताना दोन्ही टोकं बोटांत धरू नका, शरीराचा रोध समांतर लागतो.

१२ ओहम रोधाची १०० मिलिहेन्रीची कॉइल मीटरला रेझिस्टरच वाटते. ५० हर्ट्झ एसीवर तीच सुमारे ३४ ओहम दाखवते, त्यामुळे एसीवर तपासल्याशिवाय नाव देऊ नका.

आणि तीन टर्मिनलांच्या तिन्ही जोड्यांवर २०० ओहम आले की ‘१००-१००-१०० चा स्टार’ (तिन्ही रेझिस्टर मधल्या एका बिंदूला जोडलेले) असं ठासून लिहू नका. ३००-३००-३०० चा डेल्टाही (तिन्ही त्रिकोणात जोडलेले) नेमकं हेच वाचन देतो, बाहेरून मोजून त्यांत फरक करता येत नाही. दोन्ही आकृत्या काढा.