जो मोंटानाचं २१६ नंबरचं कार्ड विकत घेण्याआधी

मी नोकरीसाठी सनीव्हेलला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारचे एक आजोबा १० जानेवारी १९८२ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये हजर होते. उजवीकडे पळता पळता, अंगावर धावून येणाऱ्या तिघांच्या डोक्यावरून तिथल्या फोर्टीनाइनर्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, जो मोंटाना याने बॉल फेकला, त्याच्याच संघातल्या ड्वाइट क्लार्कने उंच उडी मारून तो बोटांच्या टोकांवर झेलला आणि फोर्टीनाइनर्सनी डॅलसला २८–२७ ने हरवलं. हा झेल आजोबांनी मला इतक्या वेळा हात उंचावून दाखवला की मीही मोंटानाचाच होऊन गेलो. त्यांच्या कपाटात त्याचं एक कार्ड होतं. खेळाडूंचे फोटो छापलेली ही पुठ्ठ्याची कार्डं लोक इथे जमवतात. माझा संग्रह तिथून सुरू झाला.

मोंटानाचं रूकी कार्ड, म्हणजे त्याचं पहिलं कार्ड, एकच: टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं १९८१ चं, नंबर २१६. नोट्र डेम विद्यापीठातून तो १९७९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या सोहळ्यात, तिसऱ्या फेरीत, ८२ वा निवडला गेला. १९७९ आणि १९८० च्या टॉप्स सेटमध्ये त्याचं कार्डच नाही. म्हणजे २१६ नंबरचं कार्ड निघालं तेव्हा त्याच्या नावावर एकही सुपर बोल, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याचं विजेतेपद, नव्हतं. पुढे चार जिंकले. मला त्या कार्डाचं मोल इथेच वाटतं.

आता घ्यायचं कसं. आधी मोंटाना घेऊच नका. १९८१ च्या त्याच सेटमधली दहा-बारा साधी कार्डं घ्या, ज्यांना इथे ‘कॉमन’ म्हणतात. अगदी चिल्लरीत मिळतात. ती आठवडाभर हाताळा. पुठ्ठ्याची जाडी, मागच्या बाजूचा करडा रंग, कडांचा खडबडीतपणा बोटांना ओळखीचा होऊ द्या. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बघा: फोटो रंगीत ठिपक्यांचा बनलेला दिसेल, पण खेळाडूच्या नावाची काळी अक्षरं सलग शाईची, भरीव दिसतील. मूळ कार्डाचा फोटो काढून छापलेल्या नकलेत बहुतेकदा अक्षरंही ठिपक्यांची होतात. टॉप्सने स्वतःही नंतर या कार्डाच्या पुनर्मुद्रित आवृत्त्या काढल्यात. त्या जास्त गुळगुळीत आणि चकचकीत असतात. मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

हे मी शिकलो ते पैसे घालवून. रविवारच्या बाजारात एकाकडून मी पहिला मोंटाना घेतला. चारही कोपरे सुईसारखे टोकदार, मी हरखून गेलो. घरी आल्यावर एका कॉमनवर तो बरोबर ठेवला आणि दोन्हींच्या खालच्या कडा जुळवल्या. वरून कॉमनची एक पांढरी रेघ डोकावत होती, केसाएवढी. झिजलेले कोपरे लपवायला कोणीतरी कड कापून काढली होती. छपाई अस्सल, पण कापलेलं कार्ड. कार्डाची अवस्था तपासून १ ते १० मधला आकडा (ग्रेड) देणारे ग्रेडिंगवाले अशा कार्डाला आकडाच देत नाहीत. कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच, पण पट्टीपेक्षा त्याच सेटचं कार्ड शेजारी ठेवणं जास्त खात्रीचं.

माप जुळलं की सेंटरिंग, म्हणजे फोटो कार्डाच्या मध्यावर बसलाय का, ते बघा. डावीकडची पांढरी बॉर्डर दीड मिलिमीटर आणि उजवीकडची तीन असेल, तर कोपरे कितीही सुरेख असले तरी वरचा ग्रेड विसरा. या वर्षाची छपाई बऱ्याचदा सरकलेली असते, फोटोत पांढरे ठिपकेही सापडतात. मागे च्युइंगगमचा किंवा वेष्टनाच्या मेणाचा डाग आहे का तेही पाहा.

पीएसए किंवा बेकेट या ग्रेडिंग कंपन्यांनी ग्रेड देऊन सीलबंद केलेलं कार्ड घेणं नवख्याला सुरक्षित. पण ९ आणि १० मधला किमतीचा फरक अनेक पटींचा असतो, आणि डोळ्यांना तो जेमतेम दिसतो. माझं स्पष्ट मत: ५ किंवा ६ ग्रेडचं, पण छान मध्यावर बसलेलं कार्ड घ्या. भाव बघताना विक्रेता काय मागतोय ते सोडा. ईबेवर ‘सोल्ड’ हा फिल्टर लावा आणि खरोखर कितीला गेलं ते पाहा.

रूकीनंतर टॉप्सचंच १९८२ चं ४८८ नंबरचं घ्या, स्वस्तात मिळतं. १९८५ च्या काळ्या आणि १९८६ च्या हिरव्या बॉर्डरवर कोपऱ्याचा रंग जरासा उडाला तरी पांढरं चमकतं, म्हणून ती नीट अवस्थेत मिळणं कठीण. मला तीच शोधायला सर्वांत आवडतात. १९८९ पासून प्रो सेट आणि स्कोअर या नव्या कंपन्यांची कार्डं आली आणि कार्डांचा महापूर झाला. त्या काळातली बहुतेक साधी कार्डं मुलांना खुशाल खेळायला द्या. १९९३ पासून तो कॅन्सस सिटीच्या संघाच्या लाल जर्सीत दिसतो. शेवटच्या दोन हंगामांची आठवण म्हणून एखादं ठेवावं.

कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. रबरबँड कधीही लावू नका. ऊन लागू देऊ नका. पुण्याला भाच्यासाठी पाठवलेल्या डब्यात मी सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, कारण पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो.

ते कापलेलं कार्ड अजून माझ्याकडे आहे. कोणी नवीन माणूस संग्रह सुरू करायचा म्हणून घरी आला की मी आधी ते आणि एक कॉमन त्याच्या हातात देतो, आणि कडा जुळवायला सांगतो.