रुग्णालयातील चॅप्लेन होण्याचे शिक्षण : अमेरिकेत या वाटेला येऊ पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी

अमेरिकेतील मोठ्या रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांच्या जोडीला चॅप्लेन नावाचा एक प्रशिक्षित कर्मचारी असतो. रुग्णाचा धर्म कोणताही असो, किंवा कोणताच नसो, आजारपणात त्याच्या मनात उठणाऱ्या श्रद्धेच्या, भीतीच्या आणि मरणाच्या प्रश्नांपाशी थांबणे हे त्याचे काम. त्यासाठी जे शिक्षण घ्यावे लागते त्याला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, थोडक्यात सीपीई, म्हणतात. पुण्यातील शाळेत शिकवण्याची नोकरी सोडून न्यू जर्सीत आल्यानंतर काही वर्षांनी मी या शिक्षणाकडे वळले आणि एका रुग्णालयातील रेसिडेन्सी, म्हणजे वर्षभराचे पूर्णवेळ प्रशिक्षण, पूर्ण करून आज याच क्षेत्रात काम करते. हे ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे काम आहे, आपला त्यात काय संबंध, असा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. या शिक्षणाचा उगम ख्रिस्ती धर्मशिक्षणात आहे हे खरेच. पण आज हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ज्यू आणि कोणताही धर्म न मानणारे विद्यार्थीही एकाच गटात बसून ते घेतात.

उगमाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी पद्धत त्यातून आली. अँटन बॉइसेन हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक १९२० मध्ये तीव्र मानसिक आजारामुळे स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. बरे झाल्यावर त्यांनी असे मांडले की धर्मशास्त्र शिकणाऱ्याने ग्रंथांइतक्याच गांभीर्याने माणसांचा, या ‘जिवंत मानवी दस्तऐवजां’चा, अभ्यास करावा. १९२५ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर राज्य मनोरुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा पहिला लहानसा गट घेतला. बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांचे त्यांना पाठबळ होते. वैद्यकीचे विद्यार्थी जसे रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकतात तसेच धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही शिकावे, हा कॅबट यांचा आग्रह होता. पुढे १९६७ मध्ये निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन एसीपीई (असोसिएशन फॉर क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन) ही संस्था झाली. आज बहुतेक केंद्रांना तिचीच मान्यता असते, आणि अर्ज करण्यापूर्वी ती मान्यता तपासून घ्यावी, कारण पुढच्या प्रमाणपत्राची भिस्त तिच्यावर असते.

शिक्षणाचे माप ‘युनिट’मध्ये होते. एका युनिटचे किमान ४०० तास असतात. त्यांतील किमान १०० तास वर्ग, गट आणि मार्गदर्शकाशी होणाऱ्या वैयक्तिक बैठकांचे असतात आणि उरलेल्यांतील मोठा भाग प्रत्यक्ष वॉर्डातला असतो. उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून सुमारे तीन महिन्यांत एक युनिट करता येते, किंवा नोकरी सांभाळून आठवड्यातील एक वर्ग आणि ठरावीक पाळ्या अशा रीतीने ते अनेक महिन्यांत पुरे करता येते. सुट्या युनिटसाठी विद्यार्थ्याला बहुधा शुल्क भरावे लागते. वर्षभराच्या रेसिडेन्सीत मात्र विद्यावेतन मिळते. विद्यावेतन हे कामाचे वेतन धरले जाऊ शकते, म्हणून अवलंबित व्हिसावर असणाऱ्यांनी काम करण्याच्या परवान्याची खात्री आधी जाणकाराकडून करून घ्यावी. माझी सूचना अशी की एकदम रेसिडेन्सीला अर्ज न करता आधी एक युनिट करावे. हे काम आपल्याला झेपते का, त्याहीपेक्षा आवडते का, हे त्यात कळते.

अर्जात परीक्षेचे गुण फारसे कोणी पाहत नाही. स्वतःच्या आयुष्याचा आणि श्रद्धेच्या वाटचालीचा सविस्तर वृत्तांत, आणि आपण कोणाला तरी मदत केली अशा एका प्रसंगाचे वर्णन, एवढे लिहावे लागते. आपल्याकडच्या अर्जदारांचे आत्मवृत्त पुष्कळदा नोकरीच्या अर्जासारखे होते : पदव्या, पारितोषिके, मंडळाच्या गणेशोत्सवातील स्वयंसेवा. वाचणाऱ्याला त्यात हवी असते ती घरातली पहिली मृत्यूची आठवण, वडिलांशी न बोलता गेलेली वर्षे, देवावरचा राग. सगळे उघड करावे असे नाही, पण ज्याला स्वतःबद्दल लिहिता येत नाही त्याला या शिक्षणात फार अडचण येते.

शिक्षणाचा गाभा म्हणजे ‘व्हर्बॅटिम’. रुग्णाशी झालेले संभाषण, ध्वनिमुद्रण न करता, भेटीनंतर लवकरात लवकर आठवणीने शब्दशः लिहून काढायचे. रुग्णाचे नाव आणि ओळख पटेल असा तपशील बदलायचा. प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यायचा. मधली शांतता, नजर वळणे, हात मागे घेणे हेही कंसात नोंदवायचे. त्याखाली रुग्णाच्या मनःस्थितीचे विश्लेषण, श्रद्धेच्या अंगाने केलेले चिंतन आणि त्या वेळी स्वतःच्या मनात काय चालले होते याची प्रामाणिक नोंद. मग हा कागद गटापुढे वाचायचा, बहुधा दुसऱ्या विद्यार्थ्याने रुग्णाची वाक्ये वाचून, आणि तासभर त्यावर चर्चा ऐकायची. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील चॅप्लेन रसेल डिक्स यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत रुळवली आणि ती अजून टिकून आहे.

कल्पनेने रचलेले, पण प्रत्येक गटात या ना त्या रूपात येणारे एक उदाहरण देते. कर्करोगाची वृद्ध रुग्ण म्हणते, “मला वाटतं देव मला विसरला.” विद्यार्थी लगेच म्हणतो, “असं म्हणू नका, देव कोणालाच विसरत नाही.” ती म्हणते, “हो, तेही खरंच,” आणि नातवंडांच्या शाळेविषयी बोलू लागते. विद्यार्थ्याने खाली लिहिलेले असते : रुग्णाला धीर मिळाला. गटातील कोणीतरी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवून विचारतो की धीर नेमका कोणाला हवा होता. मग दिसते की विसरले गेल्याची भावना ऐकणे विद्यार्थ्याला जड गेले, म्हणून त्याने दार लावून घेतले आणि रुग्णाने सौजन्याने त्याला साथ दिली. “विसरला म्हणजे काय होतं हो?” एवढे विचारून थांबले असते तर ती कदाचित पुढे बोलली असती.

मराठी विद्यार्थ्याला ही गोष्ट विशेष कठीण जाते, असे माझे निरीक्षण आहे. आजाऱ्याला भेटायला जाणे हा आपल्याकडे मोठा धर्म आहे, आणि त्या भेटीचे ठरलेले शब्दही आहेत : काही होत नाही, काळजी करू नका, आमच्या शेजारच्यांनाही हेच झाले होते आणि आता ठणठणीत आहेत. त्यामागे माया असते यात शंका नाही. परंतु चॅप्लेनच्या कामात धीर देण्याची ही घाई रोखून धरणे हेच सर्वांत मोठे कसब आहे, आणि ते व्याख्यानाने येत नाही. स्वतःचीच वाक्ये क्रमांकासह पुन्हापुन्हा वाचावी लागतात तेव्हा येते.

दुसरा जड भाग म्हणजे आपापसांतील संबंधांवर बोलण्याचा गट. त्याला विषय दिलेला नसतो, मार्गदर्शक पुष्कळ वेळ गप्प असतो, आणि एकमेकांविषयी जे वाटते ते तोंडावर बोलावे अशी अपेक्षा असते. वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू न देण्याच्या वळणात वाढलेल्यांनी येथे केवळ ऐकत राहण्याचे ठरवले तर मूल्यमापनात ते ‘गटात उतरले नाहीत’ असे लिहिले जाते. या गटाची काही केंद्रांतली पद्धत मला अमेरिकन स्वभावाला नको इतकी धार्जिणी वाटते, आणि ते मी तेथेच बोलून दाखवले. बोलणे ही अट असल्यामुळे माझ्या त्या तक्रारीचीही प्रगतीत नोंद झाली.

रात्रीच्या पाळीत रुग्णालयात एकच चॅप्लेन असतो आणि पेजर वाजला की हृदय बंद पडलेला रुग्ण, अपघात, मृत्यू, जे असेल तेथे जावे लागते. तेथे काही नियम पक्के ठाऊक असले पाहिजेत. अवयवदानाचा विषय चॅप्लेनने स्वतःहून काढायचा नसतो. त्यासाठी रुग्णालय संबंधित संस्थेला कळवते आणि प्रशिक्षित व्यक्ती कुटुंबाशी बोलते. आत्महत्येचा विचार कोणी बोलून दाखवला तर गोपनीयतेचे कारण पुढे करून तो दडवता येत नाही. कॅथलिक रुग्णाला तैलाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा, संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतो, म्हणून त्याला बोलवायचे. बाप्तिस्म्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. मरणोन्मुख अर्भकाचे आईवडील मध्यरात्री बाप्तिस्मा मागतात आणि धर्मगुरू पोहोचण्याइतका वेळ नसतो. कॅथलिक धर्मनियमानुसार अशा निकडीच्या वेळी योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती, ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी, पाणी घालून आणि ठरलेले शब्द उच्चारून तो देऊ शकते. मग हिंदू विद्यार्थ्याने तो द्यावा का? काहीजण देतात. काहीजण ख्रिस्ती परिचारिकेला पुढे करून स्वतः आईचा हात धरून उभे राहतात. दोन्ही मार्ग मान्य आहेत, पण निर्णय पहाटे तीन वाजता त्या खोलीच्या दारात घ्यायचा नसतो. रुग्णालयाचे धोरण वाचून, मार्गदर्शकाशी बोलून तो पहिल्या आठवड्यातच घ्यावा. येशूच्या नावाने प्रार्थना करा, असे रुग्णाने म्हटल्यास काय करायचे, याचेही तसेच. याउलट आपला धर्म रुग्णाला सांगायला जाणे सर्वांनाच सारखे निषिद्ध आहे.

भारतीय कुटुंबांसाठी मराठी किंवा हिंदू चॅप्लेनचा उपयोग कोठे होतो हे लवकरच लक्षात येते. मुलांकडे आलेले आईवडील येथेच गंभीर आजारी पडतात. निदान आईला सांगू नका असे मुलगा म्हणतो, तर येथील व्यवस्था रुग्णाच्या स्वतःच्या संमतीवर उभी असते. अशा वेळी मुलाला दोष न देता आईलाच विचारावे, असे मी वैद्यकीय चमूला सुचवते : तुमच्या आजाराची माहिती तुम्हाला स्वतःला हवी आहे, की मुलाशी बोललेले चालेल? तिने मुलाचे नाव घेतले तर तोही तिचाच निर्णय ठरतो. गंगाजल द्यायचे असेल तर गिळण्याची परवानगी आहे का हे परिचारिकेला विचारून स्पंजच्या काडीने ओठांना लावता येते. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन लावता येत नाही, म्हणून आमच्या कपाटात बॅटरीवरचे दिवे ठेवलेले असतात.

कायम नोकरीसाठी पुष्कळ ठिकाणी चॅप्लेनना प्रमाणित करणाऱ्या व्यावसायिक मंडळाचे प्रमाणपत्र मागतात. त्यासाठी धर्मशास्त्रातील किंवा समकक्ष पदव्युत्तर पदवी, सीपीईची चार युनिटे, त्यानंतरचा २,००० तासांचा कामाचा अनुभव, लेखी निबंध आणि समितीपुढील मुलाखत लागते. याशिवाय आपल्या धर्मसमुदायाचे मान्यतापत्र लागते, आणि हिंदू उमेदवार अडतो तो येथेच, कारण आपल्याकडे चर्चसारखी मध्यवर्ती यंत्रणा नाही. कोणत्या संस्थेचे किंवा मंदिराच्या विश्वस्तांचे पत्र चालेल हे प्रमाणपत्र मंडळाला पहिल्याच वर्षी लेखी विचारावे आणि त्या विश्वस्तांना आपले काम दाखवत राहावे. केवळ आरतीला दिसणाऱ्या माणसाला असे पत्र कोणी का द्यावे?

भारतात राहून हे काम जवळून पाहायचे असेल तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅप्लेनसेवेचा विभाग आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन हे कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह आहे आणि त्याची शाखा गोव्यात आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर), म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि त्रास कमी करण्याची सेवा, देणारे केंद्र आहे. महाराष्ट्रातील या ठिकाणी सीपीईचे युनिट मिळत नाही. पण तेथे स्वयंसेवक म्हणून काम करण्याची संधी मिळाली आणि त्या भेटींच्या नोंदी वर सांगितलेल्या पद्धतीने ठेवल्या, तर अर्जातील मदतीच्या प्रसंगासाठी वेगळा शोध घ्यावा लागत नाही. रेसिडेन्सीची वर्षे बहुधा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात सुरू होतात आणि निवड त्याच्या पुष्कळ महिने आधी होते, म्हणून आत्मवृत्ताचा पहिला खर्डा आदल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत तयार असावा.