नील बेट: भरती-ओहोटी पाहून आखायचे दोन दिवस

अंदमानच्या बहुतेक पॅकेजमध्ये नीलच्या वाट्याला जेमतेम तीन-चार तास येतात. सकाळच्या बोटीने उतरायचं, भरतपूरचा किनारा, नैसर्गिक पूल (समुद्रकाठची दगडी कमान), जेवण, आणि दुपारच्या बोटीने परत. अडचण अशी की पूल बघायला ओहोटी लागते आणि प्रवाळ बघायला पाणी. दोन्हींत सहा तासांचं अंतर असतं, त्यामुळे एका धावत्या फेरीत यातलं एक हुकणारच. दोन रात्री मुक्काम ठेवा. एकच रात्र मिळत असेल तर तीही चालेल, पण मग पुढचं वेळेचं गणित पक्कं करूनच निघा.

आधी नावांचा घोळ निस्तरू. नीलचं सरकारी नाव शहीद द्वीप आणि शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप. दोन्ही नावं ३० डिसेंबर २०१८ ला दिली गेली. पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं २०२४ मध्ये. तिकिटं, हॉटेलचे पत्ते आणि नकाशे यांत जुनी-नवी नावं मिसळलेली दिसतात, पण बेटं तीच.

भरतीची वेळ कशी काढायची

कोकण किनाऱ्यावरच्या लोकांना तिथीचा हिशेब ठाऊक असतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हाच हिशेब नीलला लावला तर फसाल. अंदमानात भरती त्याच दिवशी सुमारे दोन तास आधी येते. म्हणून पाऊणपट करा आणि त्यातून दोन तास वजा करा. अमावस्या किंवा पौर्णिमेला (तिथी १५) सव्वाअकरातून दोन गेले, म्हणजे भरती सकाळी सव्वानऊ ते पावणेदहाच्या सुमारास. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी साडेतीन ते चार. अष्टमीला उलट: ओहोटी सकाळी नऊ-दहाला आणि भरती दुपारी चारच्या आसपास. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

तिकिटं काढताना तारीख निवडायला हा अंदाज पुरतो. प्रत्यक्ष जाण्याच्या आठवड्यात मात्र पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीचा तक्ता बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी असे तक्ते छापतो, आणि फोनवरच्या कुठल्याही चांगल्या टाइड अ‍ॅपमध्ये पोर्ट ब्लेअर हे ठिकाण असतं. नीलसाठी वेगळी दुरुस्ती करायची गरज नाही, चार-पाच मिनिटांच्या फरकाने काही बिघडत नाही.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती उतरतं याला आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती आणि ओहोटीतला फरक पावणेदोन-दोन मीटरच्या घरात जातो. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो मीटरपेक्षा बराच कमी असतो. पूल आणि त्याच्या अलीकडचा खडकाळ पट्टा नीट उघडा पडावा असं वाटत असेल तर अमावस्या-पौर्णिमेचा दिवस किंवा त्यानंतरचे दोन दिवस गाठा. त्या दिवसांचा आणखी एक फायदा म्हणजे सकाळी भरती, दुपारी चारला ओहोटी आणि पाचला सूर्यास्त, असा क्रम आपोआप जुळतो.

सूर्यास्ताचे पाच हे चुकून लिहिलेले नाहीत. अंदमान महाराष्ट्राच्या खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. डिसेंबरात नीलवर साडेपाचला उजाडतं आणि पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. एप्रिलमध्येही सूर्यास्त साडेपाचलाच. "संध्याकाळी सहाला बीचवर जाऊ" म्हणणारे रोज अंधारात पोचतात.

बेटावर फिरणं

जेट्टीपासून बाजार चालत जाण्याच्या अंतरावर, लक्ष्मणपूर साधारण दोन किलोमीटर, आणि सगळ्यात लांबचं सीतापूर सुमारे पाच. स्कूटर बाजारात भाड्याने मिळते. लायसन्स मूळ न्या, आणि घेताना टायर, ब्रेक, हेडलाइट बघून गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. हेडलाइट विशेष महत्त्वाचा, कारण सीतापूरला तुम्ही पहाटे अंधारात जाणार आहात. सायकलही पुरते, रस्ते बहुतेक सपाट आहेत. रिक्षा ठरवायची असेल तर ठिकाणांप्रमाणे पैसे न ठरवता "अमुक वाजता इथे, तमुक वाजता तिथे" असं ठरवा. नाहीतर रिक्षावाला त्याच्या सोयीच्या क्रमाने फिरवतो आणि पुलावर भर भरतीत नेऊन सोडतो.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच न्या. मोबाइलचं नेटवर्क जातं-येतं, आणि ते गेलं की यूपीआयही गेलं.

भरतपूर: पाण्यातली सकाळ

जेट्टीला लागूनच उथळ, हिरवट-निळं पाणी आहे. स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखाली बघणं), काचेच्या तळाची बोट, जेट स्की सगळं इथेच. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधीपासून भरतीनंतर तासाभरापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला: पाणी पुरेसं खोल असतं आणि आत येणारं पाणी जास्त स्वच्छ असतं. ओहोटीला गुडघाभर पाण्यात पोटावर तरंगताना गुडघे आणि प्रवाळ दोन्ही खरवडले जातात, बोटीही आत येऊ शकत नाहीत. वेळ जुळत असेल तर दहाच्या आत पाण्यात उतरा. दिवसाच्या सहली त्यानंतर येऊन थडकतात.

अपेक्षा मात्र नेमक्या ठेवा. किनाऱ्यालगतचं बरंचसं प्रवाळ मेलेलं, करडं आहे. समुद्राचं पाणी फार तापलं की प्रवाळ पांढरं पडतं आणि ते लांबलं तर मरतं. २०१० मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. जिवंत प्रवाळ आणि पोपटमासे, विदूषक मासे बघायचे तर बोटीने थोडं आत नेणारा गाइड घ्या. पाण्यात उतरण्याआधी विचारा की उतरवणार कुठे आणि तिथे खोली किती.

मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हळू श्वास आत ओढा. हात काढल्यावर मास्क चिकटून राहिला तर बसतो, पडला तर दुसरा मागा. केसांची बट किंवा मिशी कडेखाली आली की पाणी झिरपतंच. मिशीवर थोडं व्हॅसलिन लावलं की काम भागतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शॅम्पूचा एक थेंब चोळून एकदा विसळा. नळीत पाणी आलं तर डोकं वर काढून घाबरण्याऐवजी जोरात एक फुंकर मारा, पाणी उडून जातं. पोहता येत असलं तरी पहिल्यांदा लाइफ जॅकेट घाला, आणि कंबरेचे व पायांमधले पट्टे बांधा. ते सैल राहिले की जॅकेट कानापर्यंत वर येतं. दम लागला तर प्रवाळावर उभं राहू नका, पाठीवर वळा.

पाठ आणि पोटऱ्या तासाभरात भाजून निघतात आणि ते रात्री कळतं. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग बरं: धुऊन जात नाही आणि पाण्यात रसायनंही सुटत नाहीत.

स्कूबा (हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली जाणं) करायची असेल तर सर्टिफिकेट नसलेल्यांना प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात, वय किमान १० वर्षं. सर्दी असेल तर त्या दिवशी रद्दच करा. कानातला दाब जुळत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. दमा, हृदयविकार, फिट्स यांबद्दलचा फॉर्म खरा भरा. खाली जाताना दर मीटरला नाक धरून हलकेच हवा दाबायची, कान दुखायच्या *आधी*. दुखायला लागल्यावर जोर केला तर कान आणखी बंद होतो, तेव्हा थोडं वर येऊन पुन्हा करा.

नीलभोवती समुद्रगवताची कुरणं आहेत आणि तिथे डुगाँग, म्हणजे समुद्रगाय चरते. ती अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी आहे. दिसणं दुर्मीळच. "डुगाँग दाखवतो" असं वचन देणाऱ्याला पैसे देऊ नका.

लक्ष्मणपूर २: नैसर्गिक पूल

इथे आलेले बंगाली लोक या दगडी कमानीला हावडा ब्रिज म्हणतात. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने नीलवर वसवलं. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर ही रामायणातली नावं तेव्हापासूनची.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागा. पार्किंगपासून दहा-पंधरा मिनिटं आधी पायवाट, मग उघडा पडलेला प्रवाळी खडक. वाट बिघडते ती इथेच: शेवाळलेला, खाचाखळग्यांचा दगड, आणि पायात हवाई चप्पल. मागे पट्टा असलेली, पकड असलेली सँडल किंवा पाण्यातले बूट हवेत. जोराने पाऊल टाकू नका, सपाट ठेवा. काळसर ओला दगड निसरडा, फिकट कोरडा त्या मानाने सुरक्षित. गुडघे दुखणाऱ्यांनी कमानीपर्यंत जायचा हट्ट न केलेला बरा.

डबक्यांसाठी स्थानिक गाइड घ्यावा, पैसे वसूल होतात. समुद्रकाकडी, तारामासा, खडकात रुतून बसलेला निळ्या-जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला, सी अर्चिन हे सगळं तुमच्या नजरेतून सुटेल, त्याच्या नाही. गाइडने प्राणी हातात काढून दिला तर नको म्हणा. डबक्यांत हात घालू नका: दगडासारखा दिसणारा स्टोनफिश काटा मारतो तेव्हा वेदना भयंकर असतात. तसं झालंच तर भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. बर्फ लावू नका.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात टाकू नका, मेलेलेही नाहीत. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

सूर्यास्त, सूर्योदय आणि मधलं गाव

सूर्यास्ताला लक्ष्मणपूर १ हा दुसरा किनारा. सव्वाचारला पोचा, वाळूच्या टोकाकडे चालत जा, गर्दी आपोआप मागे राहते. सूर्य बुडाल्यावर लगेच उठू नका, रंग पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत चढतो. मात्र याच वेळी वाळूमाश्या निघतात. त्या डासांपेक्षा बारीक असतात, चावलेलं दुसऱ्या दिवशी समजतं आणि आठवडाभर खाजतं. पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा, आणि वाळूवर थेट बसू नका.

सूर्योदयाला पूर्वेचं सीतापूर. डिसेंबरात पाचला मुक्कामावरून निघायला हवं. इथे लाटा जोरदार असतात आणि ओढ असते, तेव्हा पोहायला उतरू नका. कडेच्या चुनखडीच्या कड्यांखालच्या कपारी ओहोटीलाच गाठता येतात. भरती चढत असेल तर आत शिरू नका.

दुपारच्या उन्हात बीचवर काही अर्थ नसतो. त्यापेक्षा चारच्या आधी सायकलने बेटाच्या मधून जा: भाताची खाचरं, भाजीचे मळे, सुपारी आणि केळी. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाणारी बरीच भाजी इथली. बाजारातल्या खाणावळीत मासा हवा असेल तर दुपारीच सांगून ठेवा, ऐनवेळी डाळभातावर भागवावं लागतं.

किनाऱ्यावरच्या पाट्या वाचा, खासकरून मगरीबद्दलच्या. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे. खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ आणि अंधारात पाण्यात जाऊ नका.

बोट आणि परतीचं विमान

डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. मे ते सप्टेंबर पावसाळा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळाने बोटी अचानक रद्द होऊ शकतात. खासगी कॅटामरान (जोडसांगाड्याची वेगवान बोट) पोर्ट ब्लेअरहून तास-दीड तासात पोचते, पण बंद एसी केबिनमध्ये बसून राहावं लागतं. सरकारी बोट हळू आणि स्वस्त, आणि डेकवर उभं राहता येतं. मळमळणाऱ्यांना तीच बरी. उलटीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, लागायला लागल्यावर ती उपयोगी पडत नाही. जागा मागता आली तर खालच्या मजल्यावर मधली, कारण तिथे हेलकावे कमी बसतात. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि तासभर आधी जेट्टीवर या.

क्रम पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, पोर्ट ब्लेअर असा लावा आणि विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच राहा. ज्या दिवशी बोट त्याच दिवशी विमान, असं कधीही बुक करू नका. स्कूबाचाही यातच हिशेब: एका डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर १८ तास जाऊ द्यायला हवेत. म्हणून स्कूबा पहिल्या दिवशी, पूल ज्या दिवशी ओहोटी सोयीची असेल त्या दिवशी.