डिव्हाइस फाइलला परवानगी देताना या चुका टाळा

इंदूरला रामबागेत माझ्या मावशीचं फराळाचं दुकान आहे. शेव-चिवडा तोलायचा काटा यूएसबी केबलनं बिलाच्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीनला जोडलाय. ऐन दिवाळीच्या गर्दीत तिचा फोन आला, "अरे, लाइट जाऊन आली की काटा वजनच देत नाही. काल तर चालत होता!" स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड'.

लिनक्समध्ये उपकरण एका 'डिव्हाइस फाइल'मधून वापरतात. काट्याच्या त्या फाइलवर कुणीतरी आदल्या दिवशी सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) मारून गेलं होतं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. 'डेव्ह' फोल्डरमधल्या फाइली डिस्कवर साठवलेल्या नसतात. काटा जोडला की कर्नल (सिस्टिमचा गाभा) फाइल नव्यानं बनवतो आणि तिचा ग्रुप नि परवानगी यूडेव्ह (जोडलेल्या उपकरणांचं बघणारा प्रोग्राम) आपल्या नियमांनुसार ठरवतो. केबल निघाली किंवा मशीन बंद झालं की फाइल गेली, तिच्याबरोबर तुमचं ७७७ही गेलं. म्हणून फाइलला हात लावू नका, युजर किंवा नियम बदला.

आधी त्या फाइलवर एलएस -एल (फाइलची माहिती दाखवणारी कमांड) करून ओळ नीट वाचा. मावशीकडे सुरुवातीला 'सी' होता, म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस. मालक रूट (सर्वाधिकारी युजर), ग्रुप डायलआउट, परवानगी ६६०, म्हणजे मालक आणि ग्रुपला वाचता-लिहिता येतं, बाकीच्यांना काहीच नाही. फाइलच्या आकाराच्या जागी १८८, ०: पहिला आकडा ड्रायव्हर सांगतो, दुसरा त्याचं कितवं उपकरण ते. उत्तर त्याच ओळीत होतं. दुकानाचा युजर डायलआउटमध्ये नव्हता. (आर्च लिनक्सवर याच कामाचा ग्रुप यूयूसीपी असतो.)

युजर ग्रुपमध्ये घालताना मात्र जपून. युजरमॉड (युजरचे ग्रुप बदलणारी कमांड) चालवताना मोठा 'जी' दिला आणि त्याआधीचा छोटा 'ए' राहिला, तर युजर बाकीच्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडतो, सुडोमधूनसुद्धा, म्हणजे रूटचे अधिकार वापरायची सोयही जाते. मग रिकव्हरी मोडमध्ये जाऊन निस्तरत बसावं लागतं. आणि ग्रुप लगेच लागू होत नाही. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, मग 'आयडी' कमांडमध्ये डायलआउट दिसतो का बघा.

काट्याबरोबर दुसरं सिरियल उपकरणही असेल, तर कोणाच्या फाइलला यूएसबी-० नाव मिळेल याचा भरवसा नाही. तिथे यूडेव्हचा नियम लिहून 'काटा' नावाची सिमलिंक (फाइलकडे नेणारं दुसरं, कायमचं नाव) करून घ्या. नियमात जुळवायला दोन बरोबर-चिन्हं लागतात, किंमत द्यायला एकच. ही अदलाबदल झाली की नियम गप्प बसतो आणि माणूस तासभर केबल तपासत राहतो. नियम लिहिल्यावर यूडेव्हएडीएम कमांडनं तो रीलोड करून केबल काढून लावा.

'नो सच फाइल' आलं तर तो परवानगीचा प्रश्नच नाही. उबुंटू २२.०४ वर ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम सीएच३४० या यूएसबी-सिरियल चिपची उपकरणं स्वतःकडे ओढून घेतो, आणि फाइल दिसेनाशी होते. ब्रेल वापरत नसाल तर तो काढून टाका.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: 'डिस्क' ग्रुपमध्ये रोजचा युजर घालणं. त्या ग्रुपला अख्खी हार्ड डिस्क थेट वाचता-लिहिता येते, म्हणजे जवळजवळ रूटच.

काम झालं असं म्हणण्याआधी मी मावशीकडे केबल उपटून लावली, मशीन बंद करून चालू केलं, आणि तिला पाव किलो शेव काट्यावर ठेवायला सांगितलं. स्क्रीनवर ०.२५० आलं, तेव्हाच मी निघालो.