घरी फियाट रंगवायची तर आधी एवढं बघा

स्प्रे गन हातात धरायला सगळ्यांनाच आवडतं. पण फियाटचा, म्हणजे आपल्या प्रीमियर पद्मिनीचा, रंग बिघडतो तो गन धरण्याच्या बऱ्याच आधी, आणि बहुतेक वेळा चुकीचा थिनर किंवा चुकीचा महिना निवडल्यामुळे.

कागदाचं काम पहिलं उरका. आरसीवर जो रंग लिहिलाय तोच द्यायचा असेल तर प्रश्न नाही. रंग बदलायचा असेल तर नोंद कशी करायची ते सांगलीच्या आरटीओत आधी विचारून या, विमा कंपनीलाही कळवा. पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षं उलटली असतील तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. तिला गाडी मूळ रूपात लागते, तेव्हा मेटॅलिक निळ्याचा मोह आवरलेला बरा.

मग अंगावर सध्या कुठला रंग आहे ते शोधा. मधल्या मालकाने काय फासलंय याचा नेम नसतो. डिकीच्या झाकणाच्या आत, दिसणार नाही अशा जागी, पांढरं सुती फडकं एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवून थोडा वेळ दाबून धरा आणि चोळा. फडक्याला लगेच रंग लागला तर खाली एनसी, म्हणजे आपला जुना ड्युको. रंग फुगला, सुरकुतला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर हार्डनर घातलेला टू-के पीयू (पॉलीयुरेथेन). हे तपासायला चहाला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. तो वाचवून इनॅमलवर सरळ एनसी मारला तर तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा सगळा थर गोळा होतो आणि पत्र्यापर्यंत खरवडावं लागतं. इनॅमल निघालं तर ते पूर्ण उतरवायचं ठरवूनच पुढे जा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना पाणी वापरा, धूळ उडू देऊ नका आणि पोराबाळांना अंगणातून लांब ठेवा.

आता गंज. सांगलीच्या गाडीला हा प्रश्न जरा वेगळाच विचारावा लागतो: २००५, २०१९ की २०२१, कुठल्या पुरात ही उभी होती? मालक नाही म्हणाला तरी दाराची खालची कड बघा. तिथे पाणी निचरायला भोकं असतात. बारीक स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला की सुकलेला, पिठासारखा गाळ भुरभुर खाली पडतो. तो आतून पत्र्याला चिकटून ओल धरून ठेवतो, आणि वरून कितीही चकचकीत रंग दिला तरी वर्षभरात तिथेच फोड येतो. दाराच्या आतलं पॅनेल काढा, गाळ धुवा, दोन दिवस उन्हात दारं उघडी ठेवा. फरशीच्या कडा आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा पत्राही असाच उघडून बघायचा. बोटाने दाबल्यावर पत्रा आत गेला तर ते लांबीचं (पुट्टीचं) काम नाही. तिथे डेंटरकडून पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्यावा लागतो. काचेचं रबर मात्र नवं हातात आल्याशिवाय जुनं ओढू नका. ही गाडी बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली, आणि रबरासाठी मुंबईत कुर्ल्यापर्यंत शोधाशोध करायची वेळ येऊ शकते. (पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढली. आपल्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव त्यांचंच.)

कुठला रंग मारायचा हे दुकानदाराने नाही, तुमच्या मास्कने ठरवावं. टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो, आणि नाकाला बांधलेल्या रुमालाचा काडीचा उपयोग नसतो. त्याला नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. तो घरी कोणाकडे असतो? माझं मत विचाराल तर अस्तरापर्यंतचं (प्रायमरपर्यंतचं) सगळं घरी करा आणि पीयूचाच हट्ट असेल तर शेवटचे हात कुपवाडकडच्या रंगाची बंदिस्त खोली (बूथ) असलेल्या एखाद्या गॅरेजवाल्याकडे मारून घ्या. सगळंच घरी करायचं असेल तर एनसी घ्या. त्यालाही वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क लागतोच, पण ओघळ आला तर घासून, रबिंग-पॉलिश करून सावरता येतो.

महिना निवडणं सांगलीत सोपं नाही. पावसाळ्यात एनसीवर पांढुरकी झाक येते, म्हणून जून ते सप्टेंबर बाद. ऑक्टोबरात परतीचा पाऊस. थंडीत हवा कोरडी, पण तेव्हाच साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असतो आणि कोणी पाचट पेटवलं की काळी राख तरंगत येऊन ओल्या बॉनेटवर बसते. एप्रिलच्या उन्हात रंग पत्र्यावर पोचायच्या आत सुकून खरखरीत होतो. मी फेब्रुवारीची सकाळ निवडेन. दव उडाल्यावर सुरू करायचं, वारा सुटायच्या आत संपवायचं. फक्त गच्चीवर शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत नाहीत ना, ते आदल्या दिवशी विचारून घ्या, कारण रंगाची धूळ भिंत ओलांडून सहज जाते.

पोर्चला तिन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद लावा, जमीन थोडी आधी ओली करा, पण हवा खेळती राहू द्या. थिनरची वाफ जड असते, खाली साचते. गॅस, गिझर, देवघरातली समई, सगळं बंद. कॉम्प्रेसर दोन एचपीचा, बऱ्यापैकी मोठ्या टाकीचा घ्या आणि मधे पाणी अडवणारा फिल्टर हवाच. त्याला बारीक वायरीचं एक्स्टेन्शन लावू नका.

घासायचे पॉलिश पेपर ८० पासून २००० नंबरपर्यंत लागतील. पॉलिस्टर लांबी कोरडीच घासा, ती पाणी पिते. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी इपॉक्सी अस्तर चढलं पाहिजे. सरफेसर (रंगाखालचा गुळगुळीत करायचा थर) मात्र ४००, मग ६०० ने पाणी लावून घासायचा. रंग चार लिटर एकदमच बनवून घ्या आणि डबे एकत्र ढवळा. नमुना उन्हाने न विटलेल्या आतल्या भागाचा न्या. झाकायला रद्दीपेक्षा खाकी कागद बरा, वर्तमानपत्रातून थिनर झिरपतो. नट-बोल्ट पिशव्यांत घालून वर नावं लिहा, हे सांगायला नकोच.

शेवटचं पुसणं रॉकेलने नाही, ग्रीस रिमूव्हरनेच. आणि आठवडाभर आधीपासून जवळपास कुठेही डॅशबोर्ड पॉलिशचा स्प्रे नको. त्यातलं सिलिकॉन पत्र्यावर बसलं की रंगाला बारीक खड्डे पडतात. तेल लावलेल्या डोक्यावरून फिरवलेला हातही पत्र्याला लागू देऊ नका. हे सगळं झालं की रंग गनमध्ये भरा आणि पहिला हात एखाद्या जुन्या पत्र्याच्या पेटीवर मारून फवारा बघा. कडा कोरड्या पडत असतील तर थिनर वाढवा, मधे ओघळत असेल तर गनचा रंग सोडणारा नॉब थोडा बंद करा.