हरकत आली नाही, सबब मंजूर

31 वर्षं झाली, मी कोल्हापुरात बाँड रायटर आहे. खरेदीखत, हक्कसोडपत्र, भाडेपट्टा, बक्षीसपत्र लिहीत आलोय. माझी भाची वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. एका दुपारी तिनं झेरॉक्सचा गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाली, "मामा, ब्रिटननं हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसला द्यायचा तह केलाय. त्यावर तिथल्या संसदेनं 'होय' कुठं म्हटलंय तेच सापडंना झालंय."

मी गठ्ठा चाळला आणि हसू आलं. "होय शोधत बसू नगं. हरकत शोध."

परक्या देशाचा तह वाचायला घेतला की माणूस बिचकतो. पण जमिनीचा व्यवहार वाचता येणाऱ्याला तो वाचता येतो. आम्ही तो गठ्ठा ज्या रीतीनं वाचला तीच इथं सांगतो.

आधी मागचे उतारे काढा. व्यवहार कसलाही असो, देणाऱ्याच्या नावावर मिळकत कशी आली हे बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. मॉरिशस आणि त्याच्याबरोबरची बेटं 1814 साली पॅरिसच्या तहानं फ्रान्सकडून ब्रिटनकडं आली. 12 मार्च 1968 ला मॉरिशस स्वतंत्र झालं, पण त्याच्या सव्वादोन वर्षं आधी, नोव्हेंबर 1965 मध्ये, ब्रिटननं चागोसचा तुकडा मॉरिशसपासून तोडून 'ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी' नावाचं वेगळं खातं उघडलं. मॉरिशसला मोबदला 30 लाख पौंड. डिएगो गार्सिया या मोठ्या बेटावर अमेरिकेचा तळ व्हायचा होता, म्हणून 1968 ते 1973 या काळात तिथल्या लोकांना बाहेर काढलं. 25 फेब्रुवारी 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सल्लागार मत दिलं की ती फाळणी कायद्याला धरून नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 विरुद्ध 6 असा ठराव झाला; भारत 116 मध्ये होता. आमच्या भाषेत, देणाऱ्याचं टायटल क्लिअर नव्हतं.

मग दस्ताचा प्रकार ओळखा. 22 मे 2025 ला सह्या झालेल्या या कागदात खरं म्हणजे दोन दस्त एकात शिवलेत. पहिल्या कलमात संपूर्ण चागोसवर, डिएगो गार्सियासकट, मॉरिशसचं सार्वभौमत्व मान्य केलंय. पुढच्या कलमांत डिएगो गार्सिया 99 वर्षं ब्रिटनच्याच ताब्यात राहणार आणि मुदत आणखी 40 वर्षं वाढवता येणार. म्हणजे नाव त्यांचं, वहिवाट यांची. 99 वर्षं म्हटलं की आमच्याकडं पक्षकाराला वाटतं, कायमचंच झालं. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजचा पट्टा 1898 साली 99 वर्षांचाच केला होता, आणि 1997 उजाडलंच.

आता मुख्य भाग. इथं वेळ घालवा.

ब्रिटनमध्ये तह करतं सरकार, राजाच्या अधिकारात. संसदेचा भाग कुठं येतो, तर 2010 च्या कॉन्स्टिट्यूशनल रिफॉर्म अँड गव्हर्नन्स ॲक्टमध्ये. तिकडं त्याला आद्याक्षरांवरून 'क्रॅग' म्हणतात. त्याआधी 1924 पासून पॉन्सन्बी या मंत्र्याच्या नावानं नुसती प्रथा होती, तिला या कायद्यानं कलमात बसवलं. रीत अशी: सरकार तहाचा मसुदा स्पष्टीकरणाच्या टिपणासह दोन्ही सभागृहांपुढं ठेवतं, म्हणजे निवडून आलेल्या कॉमन्सपुढं आणि न निवडलेल्या लॉर्ड्सपुढं. तिथून 21 बैठकीचे दिवस मोजायचे. तेवढ्यात कुठल्याच सभागृहानं 'मंजुरी देऊ नये' असा ठराव केला नाही, तर सरकार मोकळं.

गावात फेरफार धरला की काय होतं? तलाठी नोंद घालतो, चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळवतात, 15 दिवस थांबतात. हरकत नाही आली तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. 'मला मान्य आहे' असं कुणालाच म्हणावं लागत नाही. गप्प बसणं हीच संमती.

हे मी पुस्तकातनं शिकलो नाही. आमच्या आजोबांच्या 2 एकर 10 गुंठ्यांना वारस लागले तेव्हा आत्याचं नाव राहून गेलं. नोटीस चावडीवर होती. मी स्वतः वाचली होती. वाटलं, थोरला भाऊ बघेल. थोरल्याला वाटलं, हा बाँड रायटर आहे, हा बघेल. सोळाव्या दिवशी आत्या गडहिंग्लजहून आली. पुढं अपील आणि 4 वर्षांचे हेलपाटे. तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की माझं बोट आधी मुदतीवर जातं.

तर मुदत मोजा, पण कॅलेंडरवर नको. दोन्ही सभागृहं बसली तोच दिवस धरायचा. तह 22 मे 2025 ला, सह्या झाल्या त्याच दिवशी, संसदेत ठेवला गेला आणि लगेच सुट्टी लागली. म्हणून मोजणी जूनमध्ये सुरू झाली नि मुदत 3 जुलैला संपली. भाचीनं आधी सरळ 21 दिवस मोजून 12 जून लिहिलं होतं; मी पेन्सिलीनं खोडलं. मंत्र्यानं मुदत वाढवली आहे का तेही तपासायचं, कारण कायद्यात ती सोय आहे.

मग हरकतीला वजन किती ते बघा. लॉर्ड्सनं नकाराचा ठराव केला, तर सरकारनं कारणांचं निवेदन द्यायचं आणि पुढं जायचं. कॉमन्सनं केला, तर निवेदनानंतर पुन्हा 21 दिवस. कॉमन्स पुन्हा नाही म्हणाली तर पुन्हा 21. असं कितीही वेळा. कागदावर कॉमन्सच्या हातात पक्की कडी आहे. गोम अशी की कॉमन्समध्ये चर्चेला वेळ कोण देतं? बहुतांशी सरकारच. आणि वेळ दिलाच पाहिजे असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

झालंही तसंच. लॉर्ड्समध्ये आंतरराष्ट्रीय करारांच्या समितीनं अहवाल दिला, 30 जूनला चर्चा झाली आणि विरोधकांचा नकाराचा ठराव मतांना टाकला गेला. तो थोडक्यात पडला. म्हणजे ज्या सभागृहाच्या हरकतीनं तह अडत नाही तिथं मतदान झालं. ज्याच्या हरकतीनं अडू शकतो त्या कॉमन्समध्ये मुदतीत असं मतदानच झालं नाही. भाचीला 'होय' सापडत नव्हता तो असा. नसलेलीच गोष्ट शोधत होती बिचारी.

चर्चा वाचायची तर हॅन्सार्ड वाचा, म्हणजे कामकाजाचा शब्दशः वृत्तांत. पुढाऱ्यांची भाषणं उडत वाचली तरी चालतील. मंत्र्याला नेमका प्रश्न आला आणि उत्तर कशाचं तरी भलतंच आलं, तिथं खूण करा. आमच्याकडं पक्षकार चतुःसीमा सांगताना पूर्वेला येऊन अडखळला की समजायचं, भांडण पूर्वेच्या बांधावर आहे.

मोबदल्याचं कलम वाचताना चहा सांगा, कारण इथं तीन आकडे भेटतील आणि तिन्ही एकाच पैशाचे. पहिली तीन वर्षं दरवर्षी 16.5 कोटी पौंड, चौथ्या ते तेराव्या वर्षापर्यंत 12 कोटी, पुढं महागाईप्रमाणं वाढ. शिवाय 25 वर्षं विकासासाठी दरवर्षी 4.5 कोटी आणि चागोसच्या लोकांसाठी 4 कोटींचा निधी. सगळ्याची सरासरी सरकारनं आजच्या किमतीत वर्षाला 10.1 कोटी सांगितली. तिला 99 नं गुणा, साधारण 1,000 कोटी पौंड. पण सरकार 340 कोटी म्हणत होतं आणि विरोधक 3,500 कोटींच्या घरात. मोठ्या आकड्यात महागाई चढवून प्रत्यक्ष मोजायच्या नोटा धरल्यात. लहान आकड्यात पुढच्या पैशाची किंमत आज कमी, या हिशेबानं वर्षागणिक कापत आणलंय. दोघांची बेरीज-वजाबाकी बरोबर असू शकते. कुणी आकडा फेकला की कुठल्या वर्षाचा पौंड ते विचारायचं.

तहाची मुदत संपली म्हणून फाईल बांधू नका. तहानं तिथला देशांतर्गत कायदा आपोआप बदलत नाही, त्याला वेगळं विधेयक लागतं. या तहासाठी ते आणलं गेलं. कॉमन्समध्ये 9 सप्टेंबर 2025 ला दुसरं वाचन झालं, 20 ऑक्टोबरला ते तिथून पुढं गेलं. विधेयकाला दुरुस्ती सुचवता येते, तहाच्या मसुद्यात संसदेला काना-मात्रा बदलता येत नाही. त्यामुळं खासदार तहावरचा राग विधेयकाच्या दुरुस्त्यांवर काढतात. त्या दुरुस्त्यांची यादी वाचलीत तर कुणाला नेमकं काय खुपतंय ते भाषणांपेक्षा लवकर कळतं.

परीक्षेला बसणाऱ्यांनी आपल्याकडचं शेजारी ठेवून वाचावं. 1958 च्या नेहरू-नून करारात पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं. 1960 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती पाहिजे. म्हणून नववी दुरुस्ती आली. 2015 साली बांगलादेशाशी एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या 111 आणि 51 वस्त्यांची अदलाबदल झाली ती 100 व्या दुरुस्तीनं. म्हणजे आपल्याला तोंडानं 'होय' म्हणावं लागतं, तेही दोन तृतीयांशांनी. पण पळवाट आहे. पाकिस्तानशी असलेल्या कच्छच्या रणाच्या वादातल्या निवाड्यावर 1969 साली कोर्ट म्हणालं, नुसती वादातली हद्द ठरवायची असेल तर दुरुस्ती नको. श्रीलंकेकडं गेलेल्या कच्चतीवू बेटाबद्दल सरकारचं म्हणणं तेच: दिलं नाही, हद्द ठरवली. जमिनीतही हेच चालतं. खरेदीखताला स्टँप ड्यूटी पडते, म्हणून लोक हद्द कायमची मोजणी मागवतात आणि बांध चार फूट सरकवून घेतात.

आमच्या कोल्हापूरचं वेगळं राज्यच 1731 च्या वारणेच्या तहानं पक्कं झालं. चुलत भावांनी नदी धरून वाटणी केली. काठावरच्या गावांना कुणी विचारल्याचं मला तरी कुठं वाचायला मिळालं नाही.

शेवटी दस्तात ज्यांची सही नाही त्यांची यादी करा. सह्यांच्या दिवशीच पहाटे, चागोसवर जन्मलेल्या दोन महिलांच्या अर्जावर लंडनच्या हायकोर्टानं सरकारला तात्पुरती मनाई केली. त्याच दिवशी ती उठली आणि सह्या झाल्या. तहात मॉरिशसला बाकीच्या बेटांवर वस्ती करायची मुभा आहे, डिएगो गार्सियावर नाही. चागोसची बरीच कुटुंबं आज लंडनच्या दक्षिणेला क्रॉली गावात राहतात.

भाचीनं कोऱ्या पानावर रकाने आखले: देणार, घेणार, मिळकत, मोबदला, मुदत, हरकत. सगळे भरले. मी खाली एक रकाना वाढवला, 'हितसंबंधी', आणि तिनं तिथं 'क्रॉली' लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाली, "मामा, ह्यांना नोटीस कुणी बजावली?"

मी आत्याची फाईल काढून तिच्यापुढं ठेवली आणि चहावाल्याला हाक मारली.