बोटीच्या वायरिंगला आणि दोराला हीट श्रिंक लावताय? या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बोटी शाकारून ठेवायच्या आणि डागडुजी उरकायची. इंजिन, रंग, जाळी सगळ्याकडे लक्ष जातं, वायरिंगचं मात्र लाइट लागतोय ना, पंप फिरतोय ना, बस झालं. मग ऑगस्टमध्ये दर्यात गेल्यावर तळाचा पंप मध्येच थांबतो, किंवा वायरलेसवर ऐकू सगळं येतं पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद. सेट बिघडलेला नसतो हो. २५ वॅटचा व्हीएचएफ वायरलेस सेट ऐकताना फार करंट घेत नाही, बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो, आणि कुठलातरी जोड आतून सडलेला असला की तो तेव्हाच उघडा पडतो. जोडावर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आकसणाऱ्या नळीची, काळी चकचकीत स्लीव्ह बसलेली असते म्हणून तिकडे कोणी बघतही नाही.

बहुतेक लोक स्लीव्हला टेपची सुधारलेली बहीण समजतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते. समुद्रावर तिचं काम झाकायचं नाही, पाणी अडवायचं आहे. साधी बिनगोंदाची स्लीव्ह बाहेरून कितीही घट्ट दिसली तरी दोन्ही टोकांनी खारट पाणी आत जातं, तांब्याच्या तारांच्या फटीतून इन्सुलेशनखाली वर चढत जातं आणि आत गेलेलं वाळत नाही. उघडा जोड निदान डोळ्यांना हिरवा पडलेला दिसतो तरी, हा दिसतच नाही.

म्हणून घेताना पहिली चूक: दुकानात जाऊन नुसतं "हीट श्रिंक द्या" म्हणणं. मुंबईत लोहार चाळ असो की लॅमिंग्टन रोड, तुम्हाला मीटरवर साधी पातळ स्लीव्ह कापून देतील, ती घरच्या कामाला आणि सर्किट बोर्डाला ठीक आहे. बोटीला पॉलिओलेफिनची, आतून गोंदवाली मागायची, म्हणजे ग्लूवाली किंवा डबल वॉल. हातात घेऊन बघा, जाड लागते आणि आत चकाकणारा थर दिसतो. दुकानदार "सेमच आहे" म्हणाला तर एक तुकडा विकत घ्या आणि तिथंच गरम करायला लावा, टोकांतून गोंद बाहेर आला पाहिजे, नाही आला तर सेम नाही. बॅटरी पॅकवर चढवतात ती चपटी, चकचकीत पीव्हीसीची स्लीव्हही स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, ती नकोच.

साइझमध्ये तर भल्याभल्यांची फसगत होते, कारण पाकिटावर ६ एमएम लिहिलेलं असतं ते गरम करण्याआधीचं आतलं माप असतं. २:१ ची ६ एमएम स्लीव्ह आकसून ३ होते, ३:१ ची ९ एमएमसुद्धा ३ होते. मग ३:१ ला जास्त पैसे कशाला? कारण जोड वायरपेक्षा जाड असतो. स्लीव्ह जोडावरून सरकायला हवी आणि आकसल्यावर वायरच्या इन्सुलेशनला आवळायलाही हवी, म्हणजे आकसल्यानंतरचं माप वायरच्या बाहेरच्या मापापेक्षा कमीच असलं पाहिजे. २:१ मध्ये ही दोन्ही गणितं एकदम जमणं अवघड जातं. २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरला ९/३ (आधी ९, आकसून ३) छान बसते, ३५ स्क्वेअरच्या बॅटरी केबलच्या लगला, म्हणजे टोकाच्या टर्मिनलला, १९/६ घ्या. लांबी जोडाच्या दोन्ही बाजूंना वायरवर इंचभर तरी जाईल एवढी, वर थोडी जास्तच ठेवा, कारण लांबीलाही पाच-दहा टक्के आकसते. लाल-पिवळ्या रंगाची स्लीव्ह आतल्या वायरच्या ओळखीला घ्या हवी तर, उन्हात राहणार असेल तर काळीच, आणि पारदर्शक नकोच.

आता जोड. स्लीव्ह जोड पकडत नाही, जोड आधी स्वतःच्या जिवावर पक्का हवा. वायर टिन केलेली, म्हणजे तारांना कथलाचा मुलामा असलेली, मिळाली तर उत्तम, नाहीतर कापल्यावर आत काळी पडलेली तार दिसली की अजून मागे कापत जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत, काळ्या तारेवर केलेलं सगळं काम फुकट. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) दाबायला पक्कड वापरू नका, रॅचेटवाला क्रिम्पर घ्या. आणि गोंदवाल्या स्लीव्हसकट येणारे बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं जोडायच्या नळ्या) असतील तर क्रिम्परचा जबडा दातांचा नको, दात स्लीव्हला भोक पाडतो आणि मग ग्लू असून नसून सारखाच. हल्ली ऑनलाइन पारदर्शक नळीत सोल्डरची रिंग असलेले कनेक्टर मिळतात, गरम करा की झालं म्हणे. त्यातलं सोल्डर कमी तापमानाला वितळणारं असतं, गरम बरोबर झालं नाही तर तारांना नुसतं चिकटतं, आणि वायर दाबलेली नसतेच. बोटीत मी ते वापरणार नाही. साधं सोल्डरसुद्धा एकट्याच्या भरवशावर नको, अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींच्या संस्थेच्या ई-११ या बोट वायरिंगच्या स्टँडर्डमध्येही हेच आहे की फक्त सोल्डरवर जोड धरू नका. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनच्या हादऱ्याने नेमका तिथंच तुटतो.

हो, आणि जोड करायच्या आधी स्लीव्ह वायरवर ओवा! सगळा जोड झाल्यावर आठवतं ना, तेव्हा स्लीव्ह उभी चिरून गुंडाळायची आयडिया कुणीतरी देतंच. तसं करू नका. एकतर जोड सोडवा नाहीतर सेल्फ फ्युजिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) ताणून गुंडाळा, साधी पीव्हीसी टेप इंजिन रूमच्या गरमीत चिकट होऊन सुटते. सोल्डर करत असाल तर ओवलेली स्लीव्ह लांब सरकवून ठेवा, नाहीतर ती मध्येच कुठंतरी आकसून बसते.

गरम करायला लायटर हा आपल्याकडचा राष्ट्रीय औजार आहे. काजळी धरते, एक बाजू जळते, दुसरी तशीच राहते. पण खरं कारण वेगळंच आहे, पेट्रोलची वाफ आणि गॅस सिलिंडरमधून गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड, ते तळाला साचतात, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं ज्योत कशाला नेता? हीट गन आणा, पण तिच्याही आतली तार तापलेली असते आणि ती हवा शेकडो डिग्रीची असते, त्यामुळे आधी झाकणं उघडून हवा खेळू द्या, वास असेल तर काम उद्यावर. गन स्लीव्हच्या मधोमध धरून सुरू करा आणि टोकांकडे सरकवत फिरवा, हवा बाहेर जाते. दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड दिसली की थांबा, आणि गार होईपर्यंत वायर वाकवू नका.

काही बिघडलं तर? टोकाला गोंद दिसत नाही, मग परत गरम करा, चालतं. फुगे आले असतील तर आत ओल होती किंवा जास्त तापली, कापून नवी लावा. चिरली तर आतमध्ये तारेचं टोक किंवा थिंबलची धार आहे, ती घासून घ्या, मग नवीन लावा, चिरलेल्या स्लीव्हवर नवीन स्लीव्ह चढवून काही होत नाही. सडल्याचा संशय असेल तर पंप बंद असताना, म्हणजे बिनलोडचा, मीटर साडेबारा व्होल्ट दाखवून फसवतो, म्हणून पंप चालू ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावा, चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात, अर्धा व्होल्ट दिसला तर तो जोड कापाच.

दोराचं प्रकरण वेगळं. टोक सुटू नये म्हणून स्लीव्ह चढवतात, दिसायला झकास दिसतं, पण आपल्याकडचे बरेच दोर पॉलिप्रॉपिलीनचे नाहीतर एचडीपीईचे असतात. स्लीव्ह आकसायला साधारण ९० ते १२० डिग्री लागतात, एचडीपीई १३० च्या आसपास वितळतं आणि पीपी १६० च्या, आणि गनची हवा त्यापेक्षा कितीतरी गरम, म्हणजे एक सेकंद जास्त धरली की दोरच गेला. डायनीमा (हलका पण फार मजबूत सिंथेटिक दोर) तर १५० च्या आत वितळतो आणि ताकद त्याआधीच जाते, शिवाय इतका गुळगुळीत की गोंदही धरत नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोनशेच्या वर टिकतात, त्यांना चालेल. तरी आधी मेणाच्या दोऱ्याने टोक घट्ट बांधा, मग त्यावर ३:१ ची ग्लूवाली स्लीव्ह, दोर वाळलेला हवा, ओल्या दोरातून वाफ निघते आणि गोंद धरत नाही. टोक वितळवून गड्डा केला असेल तर स्लीव्ह आत जाणार नाही, तो कापून टाका. कप्पीतून जाणाऱ्या दोराला नको, अडकते. पीपीच्या दोराला नुसता दोरा बांधलेला बरा.

आणि वायर रोपच्या क्लॅम्पवर कधीच नको. हाताला तार टोचू नये म्हणून चढवतात, पण आत खारं पाणी धरून बसतं, स्टेनलेसलाही तिथं गंज पोखरतो, आणि तुटलेल्या तारा झाकल्या जातात. टोचणाऱ्या टोकाला जाड टेपचा वेढा द्या, दर बंदीत काढून बघता येईल असा.